खोलीत कोणी नसताना

सरांना मेलेल्या माणसाचा रिपोर्ट बसून टाइप करता येत नसे. हेडफोनमधला डॉक्टर ‘पेशंट एक्स्पायर्ड’ म्हणाला, की ते खुर्ची मागे सारून उभे राहत. एक पाय पेडलवर, कमरेत वाकलेले, पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखे. उरलेला रिपोर्ट तसाच उभ्याने पुरा करत. मग हेडफोन काढून तोच रिपोर्ट पहिल्यापासून मराठीत, मोठ्याने म्हणत. ऐकायला खोलीत कोणी नसे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती वेळ नेमकी अशीच होती. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दुपारी फार शुकशुकाट असे. नोकरदार गेले, शाळेच्या रिक्षा गेल्या, धुणीभांडीवाल्या बायका गेल्या, की कुठल्यातरी मजल्यावरची कुकरची शिट्टीसुद्धा दचकवायची. मी कडेवर मुलीला घेऊन जिना चढत होते आणि वरून एक संथ पुरुषी आवाज येत होता. “वय एकाहत्तर. सकाळी मुलगी भेटून गेली. दुपारी त्यांनी पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत त्या गेलेल्या होत्या.”

घरात कोणीतरी वारलंय आणि आपण भलत्या वेळी आलो, असं वाटून मी वळले. तेवढ्यात आवाज थांबला.

“या,” आतून हाक आली. “बसा दोन मिनिटं. एक बाई गेल्यात.”

“कोण?” मी विचारलं.

“ठाऊक नाही. अमेरिकेत.”

ते दिवस पुण्यात घरोघरी कॉम्प्युटर शिरण्याचे होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की निदान आणि उपचार तोंडी सांगून रेकॉर्ड करत. ते आवाज टेलिफोनच्या तारेतून हडपसरच्या एका कंपनीत येत आणि तिथून आमच्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्यांकडे. पायाखाली पेडल असे. दाबलं की आवाज पुढे, सोडलं की थांबला, कडेला दाबलं की भरभर पळाला. ऐकायचं, टाइप करायचं, पाठवून द्यायचं. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, नवऱ्याच्या कारखान्यात शिफ्टा कमी झाल्या होत्या, आणि मायक्रोबायॉलॉजीची पदवी कपाटात पडून होती. कंपनीने सांगितलं, तुमच्याच सोसायटीत आमचे एक जुने सर आहेत, महिनाभर त्यांच्याकडे शिका.

सर पूर्वी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. उंच, किंचित पोक आलेले. घरात बसायचं तरी इस्त्रीचा शर्ट आणि पँट. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. त्या सोसायटीत आम्ही राहायला आलो तेव्हापासून ते न विचारणारा हा पहिला माणूस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र बोलता बोलता मी सांगितलं, की आमच्याकडे बुद्धवंदना झाल्याशिवाय सकाळ होत नाही.

“म्हणजे तुमच्याकडे देव नाही,” सर म्हणाले.

मी जरा ताठच झाले. “नाही. का?”

“बरं आहे. तुला एक सबब कमी.”

“आणि तुमच्याकडे?”

“आमच्याकडे आहे. भिंतीवर. त्याचं सगळं बायको बघते.”

ही बायको, म्हणजे काकू, बँकेत होत्या. सकाळी डबा घेऊन निघताना मला जिन्यात भेटायच्या. “जा वर,” त्या म्हणायच्या, “साहेब आलेत कामावर. बेडरूममधून.” एकदा म्हणाल्या, “इतर बायकांचे नवरे ऑफिसातून घरी तरी येतात. हे घरातून घरीही येत नाहीत.”

सरांच्या पद्धती मला आधी विक्षिप्त वाटल्या, मग थोड्या भीतीदायक. फ्लॅटचं दार ते सताड उघडं ठेवायचे आणि त्या दाराकडे पाठ करून बसायचे. कानावर हेडफोन. मागून कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागणार नाही. मी पहिल्या आठवड्यात म्हटलं, “सर, टेबल फिरवून घ्या ना, दार दिसेल.”

“दाराकडे तोंड केलं की माणूस कोणी येईल म्हणून काम करतो,” ते म्हणाले. “मला कोणी येणार नाही म्हणून करायचंय.”

“मग दार लावूनच घ्या.”

“दार लावलं तर कोणी येऊच शकत नाही. मग त्यात माझं काय?”

मला ते पटलं नव्हतं. पण एवढं खरं, की त्या उघड्या दाराकडे माझी पाठ असली की मला मानेवर सारखं कोणाचंतरी लक्ष जाणवायचं. वळून पाहिलं तर जिना. त्यांना मात्र तिथे कोणी नाही याचाच धाक होता.

एकदा त्यांनी पुरा झालेला रिपोर्ट पुसून टाकला. मी शेजारी बसून वाचलेला होता, एकही चूक नव्हती.

“हे मी केलेलं नाही,” ते म्हणाले.

“अहो सर, माझ्यासमोर केलंत.”

“मी त्या वेळी दुधाचा विचार करत होतो. दूध आत ठेवलं की नाही याचा. शेवटच्या तीन परिच्छेदांत मी इथे नव्हतोच.”

“मग कोणी टाइप केलं?”

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मी विनोद केला होता, पण ते हसले नाहीत. “तेच कळत नाही,” म्हणाले, आणि हात टेबलाखाली घेतले.

कॉलेज त्यांनी का सोडलं, याची सोसायटीत बरीच गंमत चाले. त्यांना काढून टाकलं, असं सगळे सांगत. मला काकूंनी खरं सांगितलं. पोरं कॉम्प्युटरच्या क्लासांकडे वळली आणि एका वर्षी सरांच्या विषयाला एकही विद्यार्थी आला नाही. प्राचार्य म्हणाले, सही करा आणि घरी जा, पगार चालू आहे. सर सही करून वर्गात गेले. रोज. रिकाम्या बाकांपुढे उभे राहून तास घेतला, फळ्यावर लिहिलं, पुसलं.

मी त्यांना विचारलं, “कंटाळा नाही यायचा?”

“कंटाळा कसला. भीती वाटायची.” हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत ते सावकाश बोलत होते. “एक दिवस मी मुद्दाम चुकीचं शिकवून पाहिलं. अगदी धडधडीत खोटं. काही झालं नाही. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला. तेव्हा कळलं की आता मी इथे काहीही करू शकतो. त्याच दिवशी राजीनामा लिहिला.”

“आणि मग हे काम घेतलंत? इथेही कोणी बघत नाही.”

“इथे दुसऱ्या टोकाला माणूस आहे,” सर म्हणाले. “दिसत नाही, एवढंच.”

या कामात आम्हाला टाइप केलेल्या ओळींवर पैसे मिळत. डॉक्टर बोलता बोलता थांबला, कागद चाळायला लागला, की सगळेजण पेडलची कड दाबून ती शांतता पळवायचे. सर पळवत नसत. पूर्ण ऐकत. त्यांच्या मते कोण कुठे थांबतो हेही डिक्टेशनच होतं. आवाजांना त्यांनी नावं दिली होती. एक सतत घसा खाकरणारे, एक चालत चालत बोलणारे, आणि एक कागदवाले. कागदवाले म्हातारे असावेत. प्रत्येक वाक्याआधी कागदांची सळसळ, मग श्वास, मग शब्द. त्यांचे उच्चार दुसऱ्या कोणाला लागत नसत, म्हणून कंपनी त्यांच्या फायली सरांनाच पाठवी. महिनाभरात मलाही ते आवाज ओळखू यायला लागले. शिकणं संपलं, मी माझ्या घरी काम सुरू केलं, तरी अडलेला शब्द विचारायला दुपारी सरांकडे जात असे.

पावसाळा नुकताच संपला होता. सर म्हणाले, “कागदवाल्यांचं काहीतरी बिघडलंय.” सळसळ वाढली होती. एकच वाक्य ते दोनदा सांगत. मग एका बाईंचा रिपोर्ट आला. फुप्फुसात गाठ. वरच्या परिच्छेदात डावं फुप्फुस, खालच्या परिच्छेदात उजवं. आम्हाला नियम होता, जे ऐकू येईल ते टाइप करायचं, शंका आली तर खूण करायची. सरांनी खूण केली. कंपनीत रिपोर्ट तपासणाऱ्यांना फार खुणा आवडत नसत, डॉक्टर चिडतात म्हणून. ती खूण तिथेच पुसली गेली असावी. कारण दोनच दिवसांनी त्याच बाईंचं पुढचं डिक्टेशन आलं. ऑपरेशन ठरलं होतं. उजव्या फुप्फुसाचं.

सरांनी मला खाली निरोप पाठवला नाही, स्वतः आले. ते कधी कोणाकडे जात नसत. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, “जरा वर ये. मला ऐकू आलं ते तुला येतं का बघ.”

त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि पेडल दाबलं. ऑपरेशनची तारीख, औषधं, मग कागद. नंतर सळसळही थांबली. कुठेतरी एक घड्याळ टिकटिकत होतं. मला वाटलं फाइल संपली. मी हेडफोन काढणार तेवढ्यात अगदी जवळून, जणू तोंड यंत्राला टेकवून, तो म्हातारा आवाज इंग्रजीत म्हणाला, “तिकडे कोणी आहे का?”

मी श्वास रोखला. घड्याळ. पुन्हा तोच आवाज, आणखी हळू. “कोणी आहे का?”

मी हेडफोन ओरबाडून काढले. माझ्या पाठीशी दार उघडं होतं. भर दुपारी, ऊन जिन्यापर्यंत आलेलं, आणि माझ्या हातांवर काटा.

“आलं ऐकू?” सरांनी विचारलं.

“ते स्वतःशी बोलतायत सर. वय झालंय त्यांचं. हे टाइप नाही करायचं.”

“कोणी सांगितलं?”

“नियमच आहे ना. पेशंटशी संबंध नाही ते सोडून द्यायचं.”

“नियम कुठे बसलाय इथे? मला दाखव.” ते ओरडले नाहीत. उलट आवाज खाली गेला होता. “हडपसरला आहे? तिथे ते म्हणतील, आम्ही नियमाने पुसलं. डॉक्टर म्हणतील, मी रिपोर्ट वाचून सही केली. आणि रिपोर्ट कोणी टाइप केला? मी. हे तीन जण एकमेकांकडे बोट दाखवतील आणि त्या बाईंचं कदाचित चांगलंच फुप्फुस काढलं जाईल. आता या क्षणी हे ज्याला माहीत आहे असा माणूस जगात एकच आहे, आणि तो कोथरूडला बसलाय.”

“दोन,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “नाही. तू घरी जा. तू पाहुणी आहेस इथे.”

पण मी गेले नाही. मी उभी राहून पाहिलं. रिपोर्टच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत टाइप केलं : हो, इथे कोणी आहे. आपण आधी डावं म्हणालात, नंतर उजवं. कृपा करून ऑपरेशनच्या आधी पुन्हा बघा. खाली कंपनीने दिलेला आपला कामाचा नंबर घातला, फोन लावून फाइल पाठवली. मोडेमची किरकिर थांबली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

कंपनीचा सुपरवायझर दोन दिवसांनी मोटारसायकलवर आला. तिशीचा, सभ्य मुलगा होता. मी तिथेच होते, काकूही रजेवर होत्या.

“सर, आमच्या तपासणीतून निसटून पेशंटच्या रेकॉर्डमध्ये तुमचं पर्सनल कम्युनिकेशन गेलंय,” तो म्हणाला. “क्लायंट शॉक झालाय. त्यांना वाटलं सिस्टिमच बोलायला लागली.”

“सिस्टिम नव्हती. मी होतो.”

“आय नो सर. पण असं लिहून द्या ना, की चुकून झालं. हेडफोन खराब होता, दुसऱ्या फाइलचं यात पेस्ट झालं, काहीही. मी वर सांभाळून घेतो. तुम्ही आमचे बेस्ट आहात.”

“हेडफोन चांगला आहे,” सर म्हणाले.

“अहो,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “तो मुलगा तुम्हाला वाचवतोय.”

“हो. पण ज्याला वाचवतोय त्याने हे केलेलंच नाही.” मग त्या मुलाकडे वळून, जवळजवळ मायेने, “मी केलं. समजून केलं. पुन्हा आलं तर पुन्हा करीन. हे लिहून देतो, चालेल?”

मुलाने मान खाली घातली. मग त्याने पेडल, हेडफोन आणि मोडेम एका पिशवीत घातले. निघताना सरांच्या पाया पडला. काकूंनी रिकाम्या टेबलावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, “आता घरी आलात तर चहा टाकते.”

कागदवाल्यांचे उच्चार ओळखणारी आता मी एकटीच उरले होते. त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या. मी नियमाप्रमाणे, स्वच्छ टाइप करत होते. मला हे काम टिकवायचं होतं. पण शांतता पळवायला पेडलच्या कडेवर पाय जाईना. मुलगी झोपलेली, सोसायटी चिडीचूप, आणि माझ्या कानात हजारो मैलांवरचं ते घड्याळ. कितीतरी दिवस त्यापलीकडे काही आलं नाही.

मग एका दुपारी आलं. रिपोर्ट सांगून झाला, कागद थांबले, आणि आवाज जवळ आला. “त्या बाई घरी गेल्या. डावंच होतं.” मी डोळे मिटले. वाटलं, संपलं, बरं झालं. पण फाइल चालूच होती. एक लांब श्वास, आणि मग, “मला उत्तर देणारा तू नाहीस. तू दुसरं कोणीतरी आहेस.” इंग्रजीत तू की तुम्ही हे कळत नाही, पण मला ते तू असंच ऐकू आलं. “तू आहेस ना पण?”

मी तशीच उठून वर पळाले. सर वर्तमानपत्र वाचत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाई घरी गेल्या हे ऐकून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“त्यांना कसं कळलं सर, की मी दुसरी आहे?”

“मी त्यांच्या श्वासाला स्वल्पविराम द्यायचो. तू व्याकरणाला देत असशील.” मग एकदम, “तू काय लिहिलंस?”

“अजून काहीच नाही. तुम्हाला विचारायला आले.”

ते एक पाऊल मागे सरले. त्यांना माझी भीती वाटली, असं मला आजही वाटतं. “मला विचारून लिहिलंस तर ते मी लिहिलेलं होईल,” ते म्हणाले. “आणि मला विचारून नाही लिहिलंस तर तेही माझंच. जा तू. जा खाली.” आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते दार मी बंद झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी खाली आले. घरी मुलगी तशीच झोपलेली होती. पडद्यावर रिपोर्ट पुरा झालेला होता, फक्त पाठवायचा होता. मला नवऱ्याची आठवण आली, कंपनीची आली, आईची आली. यातलं कोणीही तिथे नव्हतं. मी पुष्कळ वेळ बसून राहिले. मग टाइप केलं : होय, मी दुसरी आहे. मी इथे आहे. माझा नंबर घातला आणि पाठवून दिलं.

त्यानंतर मी मोटारसायकलची वाट बघायला लागले. खाली कुठलीही गाडी थांबली की मी खिडकीशी जायची. फोन वाजला की मनाशी वाक्य जुळवायची, हो, मी केलं, समजून केलं. कोणी आलं नाही. महिनाअखेर पैसे आले, नेहमीसारखे. कागदवाल्यांच्या फायली मात्र त्या दिवसापासून थांबल्या. शेवटी मीच धीर करून हडपसरला फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, “ते अकाउंट बंद झालं मॅडम. रीझन माहीत नाही. का, काही इश्यू होता का?”

माझं उत्तर त्या म्हाताऱ्याला मिळालं, की तपासणाऱ्याने पुसलं, की ते पोचलं तेव्हा वाचायला कोणी नव्हतंच, हे मला कधीच कळलं नाही.

सर आणि काकू त्यानंतर वाघोलीला राहायला गेले. नगर रोडवरच्या एका नव्या इमारतीत, जिथे अर्ध्याअधिक फ्लॅटना अजून कुलपं होती. मी एकदा मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेले. सर बरेच थकले होते. काकू आत चहा करत होत्या. मी सरांना सगळं सांगितलं. काय लिहिलं, कसं पाठवलं, आणि पुढे काय झालं, म्हणजे काहीच कसं झालं नाही.

“कंपनीतून कोणी बोललं नाही?”

“नाही.”

“रागावलं नाही?”

“नाही सर.”

“आणि त्या डॉक्टरांचं? एखादा शब्द?”

“काहीच नाही.”

मला वाटलं होतं ते शाबासकी देतील, निदान हसतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. यापूर्वी कधी घेतला नव्हता. त्यांचा हात गार होता.

“माझं फार सोपं होतं गं,” ते म्हणाले. “मला काढायला निदान एक माणूस आला.”